दहा मिनिटांचं शून्य

त्या वेधशाळेत तिला सगळे शून्यताई म्हणत. नाव कुणी पाडलं हे कुणाच्या लक्षात नव्हतं, पण का पडलं ते सर्वांना पाठ होतं. एकोणीस वर्षं ती आकाशात फुगे सोडत होती. सोडताना माणसाहून उंच असलेला फुगा वर जाता जाता फुगत जायचा आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर घराएवढा होऊन फुटायचा. त्याच्याखाली लांब दोरीला थर्माकोलची एक पेटी लोंबकळत असे, जेवणाच्या डब्याहून थोडी मोठी. पेटीत दोन चिमुकल्या कुप्या, कुप्यांत द्रावण आणि शेजारी बोटभर लांबीचा पंप. पंप बाहेरची हवा ओढून द्रावणात बुडबुडे सोडायचा. हवेत ओझोन असला की द्रावणात अगदी बारीक वीज खेळायची आणि तिचा आकडा बिनतारी खाली यायचा.

पण ओझोन नसतानाही कुपी थोडीफार वीज दाखवतेच. ती किती, हे उडवण्याआधी मोजावं लागतं. पेटीला गाळून शुद्ध केलेली हवा दहा मिनिटं द्यायची आणि आकडा कुठे स्थिरावतो ते पाहायचं. हे त्या पेटीचं शून्य. पुढे वरून येणाऱ्या प्रत्येक आकड्यातून ते वजा करायचं. या दहा मिनिटांत ती कुणाचं ऐकत नसे. एकदा मंत्री फुगा बघायला आले होते, तेही उन्हात ताटकळले. गॅसचे सिलिंडर सांभाळणारे काका लांबूनच हाक मारायचे, "ताई, शून्य आलं का?" आणि ती मान वर न करता बोटांनी उरलेली मिनिटं दाखवायची.

हे फुगे उपग्रहासाठी होते. उपग्रह रोज दुपारी एकच्या सुमारास त्या भागावरून जायचा आणि पृथ्वीच्या कडेवरच्या हवेतून झिरपणारा उजेड तपासायचा. कुठल्या रंगाचा उजेड कुठल्या उंचीवर किती गिळला गेला, त्यावरून तिथे कोणता वायू किती आहे याचा हिशोब निघायचा. पण आठशे किलोमीटरवरून केलेला हिशोब खरा की खोटा, हे ठरवायला कुणीतरी प्रत्यक्ष तिथे जाऊन हवा चाखायला हवी. ते काम पेटी करायची.

त्या वर्षी दूरच्या जंगलांना दोन महिने आगी लागल्या होत्या. वणवा एवढा भडकला की धूर ढगांच्याही वर, अठरा किलोमीटरपर्यंत चढला आणि तिथेच तरंगत राहिला. त्यानंतर सात आठवडे उपग्रह सांगत होता की धुराच्या थरात ओझोन पंधरा टक्क्यांनी घटलाय आणि क्लोरीनची जी संयुगं एरवी मुकाट पडून असतात ती जागी झाली आहेत. उपग्रहाचे आकडे पाहणारी शास्त्रज्ञ वयाने ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान होती. तिला सगळे डॉक्टरबाई म्हणत. तिचं म्हणणं होतं की धुराच्या कणांवर रासायनिक क्रिया होते आहे आणि ही गोष्ट आजवर कुणी इतकी स्वच्छ पाहिलेली नाही. उपग्रहावरच्या यंत्राची जबाबदारी असलेले यंत्रप्रमुख म्हणत होते, छे, धुराने यंत्राचे डोळे दिपलेत, त्याला भलतंच दिसतंय. बैठकींमध्ये दोघांचं बोलणं हमरीतुमरीवर येऊ लागलं, तेव्हा ठरलं की फुगा सोडायचा आणि तो म्हणेल ते खरं मानायचं.

फुगा शुक्रवारी सुटला. पेटीला शुद्ध हवा देऊन दोन मिनिटं झाली होती. आकडा ०.३८ होता आणि खाली उतरत होता. तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा आणि कामावर असताना सहसा फोन करत नसे. आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, तिला दवाखान्यात नेत होते, आणि ती सारखी लेकीचं नाव घेत होती.

ताईने आकड्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत प्रत्येक कुपी दहा मिनिटांत ०.०३ च्या आसपास येऊन थांबलेली होती. तिने कागदावर ०.०३ लिहिलं, सही केली, पेटी बंद केली आणि काकांच्या हाती देऊन म्हणाली की सोडून द्या. काकांनी नेहमीसारखं विचारलं, शून्य आलं का. ती हो म्हणाली आणि गाडीकडे पळाली.

सोमवारी ती कामावर आली तेव्हा निकाल लागून गेला होता. फुग्याने सांगितलं होतं की वर ओझोन नेहमीइतकाच आहे. यंत्रप्रमुखांनी पत्र काढलं होतं. गुरुवारी चार वाजता समितीची बैठक होती. त्या बैठकीत सात आठवड्यांच्या सगळ्या मोजण्यांवर 'अविश्वसनीय' असा शिक्का बसणार होता आणि धूर विरेपर्यंत यंत्राची नजर त्या थरावरून काढून वर वळवली जाणार होती. एकदा नजर वळली की त्या थराचं पुढे काय झालं हे कुणालाच कळणार नव्हतं.

डॉक्टरबाई तिला जिन्यात भेटली. डोळे सुजलेले होते, पण बोलणं नीट होतं. तिने आधी आईची चौकशी केली. मग म्हणाली, "ताई, तुमच्या फुग्याने मला खोटं पाडलं. दुसऱ्या कुणाचा असता तर मी भांडले असते."



दुपारी तिने शुक्रवारचा आलेख उघडला. अठरा किलोमीटरवरचा भाग सगळ्यांनी निरखून पाहिला होता. तिने त्याच्या खालचा पाहिला, विमानं उडतात त्याच्याही जरा वरचा. तिथे ओझोन नेहमीच जेमतेम असतो, त्यामुळे तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्या दिवशी तिथे तो नेहमीच्या दुप्पट दिसत होता. तिने मागच्या वर्षाचे सगळे आलेख काढून एकावर एक ठेवले. शुक्रवारची रेघ तळापासून जणू कुणी हाताने उचलून धरावी तशी सारख्याच मापाने वर होती. कुपी ०.०३ वर आलीच नसावी. कुठेतरी ०.३ वर अडकली असेल. तेवढी वीज वजा झाली नाही तर पंधरा टक्क्यांची घट अलगद भरून निघते.

नसावी, असेल. खात्री कशी करणार? ती पेटी आता कुठल्यातरी शेतात किंवा तळ्यात पडलेली होती. दोन मिनिटांचा आकडा तिच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता.

मंगळवारी आईची शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. ऐकताना तो हातातल्या किल्ल्यांशी चाळा करत राहिला. मग म्हणाला की आई पडली होती, कुणीही तसंच केलं असतं, आणि आता बोलून स्वतःच्या हाताने स्वतःची एकोणीस वर्षं पाण्यात घालायची काय गरज आहे. शिवाय तो यंत्रवाला बरोबरही असू शकतो.

"असू शकतो," ती म्हणाली.

"मग झालं तर."

"तुम्ही लिफ्टचा ब्रेक न तपासता कागदावर तपासला म्हणून लिहाल?"

 आत औषधं द्यायची वेळ झाली म्हणून परिचारिकेने बोलावलं आणि विषय तिथेच राहिला. बुधवारीही ती गप्प बसली. दोनदा डॉक्टरबाईच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आली. एकदा आत यंत्रप्रमुखांचा आवाज होता, एकदा कुणीच नव्हतं, आणि कुणी नसल्याचं तिला बरं वाटलं. त्याचीच नंतर तिला जास्त लाज वाटली.

गुरुवारी सकाळी साडेआठला ती तडक आत गेली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. दोन मिनिटं, ०.३८, फोन, खोटा लिहिलेला आकडा, उचललेली रेघ. डॉक्टरबाई ऐकता ऐकता पांढरी पडत गेली.

"सोमवारी का नाही सांगितलंत?"

 भीती वाटली, एवढंच ताई म्हणाली.

डॉक्टरबाई खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर मैदानावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आडवी झाली होती. बोलली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता. शुक्रवारची पेटी बिघडलेली होती असं नुसतं सांगून भागणार नाही, ती म्हणाली. यंत्रप्रमुख म्हणतील, हरायला लागल्यावर साक्षीदार फिरवला. दुसरा फुगा आजच हवा. पेटी आहे का?

एकच होती. महिनाअखेरच्या उड्डाणासाठी तिची पहिली तयारी तीन दिवसांपूर्वीच करून ठेवलेली होती. नवी खेप यायला पाच आठवडे होते. उपग्रह एक वाजून दहा मिनिटांनी डोक्यावरून जाणार होता, आणि तुलना मान्य व्हायची तर फुगा त्या थरात तासाभराच्या आगेमागे पोचायला हवा होता. वारा सेकंदाला आठ मीटरच्या वर गेला तर सोडायची परवानगी नव्हती. सकाळी तो साडेसहा होता आणि दुपारकडे वाढतच जाणार होता.

"तयारी करा," डॉक्टरबाई म्हणाली. "आणि चार वाजता समितीसमोर हे तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

अकराला काकांनी फुगा भरायला घेतला. छपरीत सिलिंडरचा सूं सूं आवाज सुरू झाला. ताई शेजारच्या खोलीत पेटीवर वाकली होती. द्रावण बदललं, पंपाचा वेग साबणाच्या बुडबुड्याने पाच वेळा मोजला, पाण्यात भिजवल्यावरच चालू होणारी बॅटरी भिजवली. पावणेबाराला शुद्ध हवा सुरू करून घड्याळ लावलं. या वेळी डॉक्टरबाई आणि यंत्रप्रमुख दोघं तिच्या पाठीशी उभे होते. डॉक्टरबाईनेच त्यांना बोलावलं होतं, नंतर कुणी बोट दाखवायला नको म्हणून. यंत्रप्रमुख उंच, शांत गृहस्थ होते. कशासाठी बोलावलं हे त्यांना कळलं होतं आणि त्यांनी ताईकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

दोन मिनिटं. ०.४१.

पाच मिनिटं. ०.२२.

दहा मिनिटं झाली तेव्हा आकडा ०.१४ वर होता आणि अजून रेंगाळत होता.

काका दारात आले. वारा सव्वासातवर गेलाय, फुगा छपरीत मावत नाहीये, भिंतीला घासून फाटेल, असं त्यांनी सांगितलं. यंत्रप्रमुखांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. एवढं शून्य चालतं का, त्यांनी विचारलं.

चाललं असतं. नियमपुस्तकात मर्यादा ०.१५ होती. तेवढा आकडा लिहून वजा केला असता तर कुणी हरकत घेतली नसती. पण तो स्थिर नव्हता, आणि सरकणारा आकडा लिहायचा म्हणजे पुन्हा अंदाजच.

"द्रावण बदलते," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."

डॉक्टरबाईने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजत आले होते. ताईने कुपी रिकामी केली, तीनदा धुतली, नवं द्रावण भरलं.  पुन्हा हवा, पुन्हा घड्याळ. खोलीत फक्त पंपाची टिकटिक. बाहेर फुगा छपरीच्या पत्र्यावर दणके देत होता आणि काका त्याला लहान मुलाला दटावावं तसं दटावत होते.

दहाव्या मिनिटाला ०.०४. अकराव्याला ०.०४. बाराव्यालाही तोच.

तिने लिहिलं आणि कागद यंत्रप्रमुखांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून आकडा पाहिला, घड्याळ पाहिलं आणि खाली साक्षीदाराची सही केली.

पेटी बांधून मैदानात येईपर्यंत बारा पस्तीस उलटून गेले. वारा सात पूर्णांक आठ दशांश. काकांनी फुगा दोन्ही हातांनी मानेशी धरला होता आणि तो त्यांना ओढत नेत होता. ताई दोरीच्या टोकाला पेटी धरून वाऱ्याच्या दिशेने चाळीस पावलं लांब उभी राहिली. तिने हात वर केला, काकांनी सोडलं.

त्याच क्षणी झोत आला. फुगा वर जायच्या ऐवजी आडवा पडला आणि कुंपणाकडे सुटला. ताई पेटी छातीशी धरून त्याच्यामागे धावली. पन्नाशीला टेकलेली बाई, पायात कामाचे जड बूट, दोरी ताणत चाललेली आणि समोर तारेचं कुंपण. आत्ता सोडली तर पेटी तारेवर आपटणार, नाही सोडली तर दोरी तुटणार. कुंपण पाच पावलांवर असताना फुग्याने मान वर काढली. दोरीची ओढ आडवी होती ती उभी झाली, तसे तिने दोन्ही हात उंचावून सोडून दिले. पेटी वरच्या तारेपासून हातभर अंतरावरून गेली. ती कुंपणाच्या खांबाला धरून वाकली आणि दम घेत राहिली. वर पाहायचं तिला धैर्य झालं नाही.

"गेला," काका मागून म्हणाले. "सरळ गेला, पोरी."

आकडे यायला लागले. एक किलोमीटर, तीन, सहा. विमानांच्या उंचीच्या वर ओझोन जवळजवळ नाहीसा झाला, तसाच व्हायला हवा होता. एक वाजून दहा मिनिटांनी उपग्रह वरून गेला. फुगा तेव्हा साडेनऊ किलोमीटरवर होता. साडेचौदा किलोमीटरवर पडद्यावरची रेघ तुटली.

 रेडिओ हाताळणारा तंत्रज्ञ अँटेना हळूहळू फिरवत राहिला. एक मिनिट, दोन, चार. बॅटरी गारठली असेल, असं यंत्रप्रमुख हलकेच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. ताई टेबलाची कड धरून उभी होती. बॅटरी तिने पुरेशी भिजवली होती का? तीन मिनिटं की चार? बाकी सगळं साक्षीने झालं होतं, ते मात्र घाईत.

सहाव्या मिनिटाला रेघ परत आली. सोळा किलोमीटर चारशे. आणि तिथून ती नेहमीसारखी चढली नाही. सतरा, अठरा, साडेअठरापर्यंत चेपल्यासारखी राहिली, मग हळूच वर आली. डॉक्टरबाईने उपग्रहाचा ताजा आलेख शेजारी ठेवला. त्या थरात दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या.

पण चोवीस किलोमीटरच्या वर त्या फाकल्या. तिथे फुगा ओझोन भरपूर असल्याचं सांगत होता आणि उपग्रह कमी दाखवत होता. यंत्रप्रमुखांनी त्या जागेवर बोट ठेवलं. दिपलेले डोळे ते हेच, ते म्हणाले. फक्त आपण समजत होतो तिथे नाहीत, वर आहेत. डॉक्टरबाईने मान डोलावली. दोघंही निम्मे बरोबर होते, आणि दोघांनाही ते पचवायला थोडा वेळ लागला.

चार वाजता ताई समितीपुढे उभी राहिली. सात जण होते. तिने सकाळी सांगितलं होतं तेच सांगितलं. आईचा फोन तिने शेवटी आणि एकाच वाक्यात सांगितला, कारण तो सबब म्हणून ऐकू जाऊ नये असं तिला वाटत होतं. अध्यक्षांनी विचारलं, याआधी असं कधी केलं होतं का. नाही, ती म्हणाली. मग त्यांनी विचारलं, आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवावा.

"ठेवू नका," ती म्हणाली. "माझे सगळे कागद दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

शिक्का चोवीस किलोमीटरच्या वरच्या मोजण्यांवरच बसला. खालच्या राहिल्या आणि यंत्राची नजर धुरावरच राहिली. शुक्रवारचं उड्डाण नोंदीतून बाद झालं. ताईला लेखी ताकीद मिळाली, आणि तपासणी पुरी होईपर्यंत तिला फुगा सोडायला मनाई झाली. तपासणी चार महिने चालली. एकोणीस वर्षांचे साडेनऊशे कागद दुसऱ्या केंद्रावरच्या दोघांनी पाहिले. चुकीचा एक निघाला, अकरा वर्षांपूर्वीचा, बेरजेतला. मुद्दाम खोटा लिहिलेला, शुक्रवारचा सोडला तर, एकही नाही. ते चार महिने ती भांडारात बसून कुप्या धूत होती. लोक वाईट वागले नाहीत, पण ती जेवायला आली की टेबलावरचं बोलणं जरा बेतून होई. काका मात्र रोज तिच्याशेजारी डबा उघडत आणि सिलिंडर पुरवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडत.

डॉक्टरबाई बरेच दिवस कामापुरतं बोलायची. मग एका दुपारी ती भांडारात आली आणि धुराच्या निबंधाचा मसुदा टेबलावर ठेवून गेली. बाद झालेल्या उड्डाणाची हकिगत त्यात एका परिच्छेदात होती, कुणाचं नाव न घेता, पण काही न लपवता. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: हे असंच छापू का? ताईने दोनदा वाचलं. 'दोन मिनिटांनंतर' या शब्दांपुढे तिने आकडा घातला, ०.३८, कारण तो राहून गेला होता, आणि मसुदा परत पाठवला.